ओहमचा आकडा कसा घेतला?

(दृश्य: उंच इमारतीची गच्ची. कठड्यावरून गेलेली धातूची पट्टी आणि कोपऱ्यात उभी सळई.)

ही सळई म्हणजे तडितरक्षक, इमारतीचं विजेपासून रक्षण करणारी यंत्रणा. ती वीज पडूच देत नाही, असा समज अजूनही पुष्कळांचा आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिनलाही आधी तशीच आशा होती. टोकदार सळई ढगातला विद्युतभार हळूहळू ओढून घेईल आणि वीज कोसळायची वेळच येणार नाही, असं त्याला वाटे. १७५२च्या मे महिन्यात फ्रान्समधल्या मार्ली गावी त्याच्या कल्पनेप्रमाणे उंच लोखंडी सळई उभारली गेली आणि वादळी ढगाखाली तिच्यातून ठिणग्या निघाल्या. ढगातली कडाडणारी वीज म्हणजे विद्युतच आहे, हे सिद्ध झालं. सळईचं काम मात्र पुढे वेगळंच निघालं. वीज पडायची ती पडतेच. ती सळईवर पडावी आणि ठरलेल्या वाटेने जमिनीत जावी, एवढ्यासाठी ही व्यवस्था असते.

तेव्हा तपासायची ती ही वाट.

(दृश्य: गच्चीवर फिरणारे तपासनीस. पट्टीच्या जोडावर रोखलेला कॅमेरा.)

पहिली तपासणी डोळ्यांनी होते, आणि तिला कमी लेखू नये. सैल झालेले क्लॅम्प, गंजलेले बोल्ट, तांब्याची पट्टी थेट अ‍ॅल्युमिनियमला जोडल्यामुळे पोखरलेला जोड, हे सगळं नुसतं बघून कळतं. शिवाय इमारती बदलत राहतात. यंत्रणा बसवली तेव्हा गच्ची रिकामी होती. नंतर तिथे सौर पॅनल आले, अँटेना आली, एसीची बाहेरची युनिट आली. ही नवी भर सळयांच्या संरक्षणात येते का, हे कोणी तरी पुन्हा पाहायला हवं. बहुतेक वेळा ते कोणी पाहिलेलं नसतं.

खाली उतरणारी पट्टी सरळ आहे का, हेही बघतात. विजेचा प्रवाह एका मायक्रोसेकंदात हजारो अँपिअरने चढतो. तो सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात २० हजार अँपिअरने चढला, तर सरळ पट्टीच्या प्रत्येक मीटरवर सुमारे २० हजार व्होल्ट उभे राहतात. दिसायला नीटनेटकी म्हणून गुंडाळी करून ठेवलेली तार याचसाठी घातक, कारण तिच्यात हे व्होल्टेज आणखी वाढतं. तेवढा वळसा घेण्याऐवजी वीज हवेतून उडी मारून शेजारच्या पाइपात शिरू शकते.

(दृश्य: भिंतीच्या तळाशी टेस्ट लिंक. पट्टीभोवती लावलेला क्लॅम्प मीटर.)

जमिनीलगतचा हा जोड म्हणजे टेस्ट लिंक. तो उघडला की वरची पट्टी आणि खालचा इलेक्ट्रोड, म्हणजे जमिनीत गाडलेला धातूचा भाग, वेगळे मोजता येतात. पण स्पॅनर लावण्याआधी पट्टीतून प्रवाह वाहत नाही ना, हे क्लॅम्प मीटरने, म्हणजे पट्टीभोवती चिमट्यासारखा लावून प्रवाह मोजणाऱ्या मीटरने, पाहावंच लागतं. कुठल्या तरी बिघडलेल्या उपकरणाची गळती याच वाटेने जात असेल आणि उघडलेल्या जोडाची दोन टोकं माणसाच्या दोन हातांत आली, तर तो प्रवाह माणसातून जाईल. आणि दूरवर जरी गडगडाट ऐकू आला, तरी काम त्या क्षणी थांबतं. मोजणीची लांब तार जमिनीवर पसरून वादळात उभं राहण्याइतका धोका या कामात दुसरा नाही.

(दृश्य: मोकळी जागा. अर्थ टेस्टर, दोन खुंट्या, लांब तारा.)

आता तो ओहमचा आकडा, ज्याच्यासाठी बहुतेक जण तपासणी करून घेतात. इलेक्ट्रोडपासून दूर एक खुंटी ठोकतात आणि या दोघांमधून जमिनीत प्रवाह सोडतात. मधल्या दुसऱ्या खुंटीवर व्होल्टेज मोजतात. व्होल्टेजला प्रवाहाने भागलं की रोध, म्हणजे जमिनीत जाताना प्रवाहाला होणारा अडथळा, ओहममध्ये मिळतो. दूरची खुंटी ३० मीटरवर असेल, तर मधली साधारण १८.५ मीटरवर, म्हणजे ६२ टक्के अंतरावर ठेवतात. जमीन एकसारखी असेल, तर खरा रोध तिथे मिळतो.

पण जमीन एकसारखी आहे, हे ठरवलं कोणी? म्हणून मधली खुंटी थोडी पुढे, थोडी मागे सरकवून पुन्हा मोजायचं. तिन्ही आकडे जवळपास जुळले, तर भरवसा ठेवा. जुळले नाहीत, तर दूरची खुंटी फार जवळ आहे. ती आणखी लांब न्यायला हवी. जागा नाही म्हणून खुंट्या जवळ ठोकल्या, तर मधल्या खुंटीच्या जागेप्रमाणे आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो, आणि कमी आकड्यावर कोणी शंका घेत नाही. माझ्या दृष्टीने या तपासणीतली सर्वांत फसवी जागा हीच.

खुंट्यांशिवाय नुसत्या चिमट्याने मोजणारं यंत्रही असतं. त्याला प्रवाह परत यायला जमिनीतून दुसरी वाट लागते. एकट्या, तोडलेल्या इलेक्ट्रोडवर ते चालत नाही. आणि धातूच्या बंद वेढ्यावर लावलं, तर जमिनीचा नव्हे, त्या वेढ्याचाच रोध दाखवतं.

(दृश्य: तळघरातली अर्थिंगची मुख्य पट्टी. पाण्याचा पाइप, केबलचं आवरण, सर्ज प्रोटेक्टर.)

आंतरराष्ट्रीय मानक १० ओहमपेक्षा कमी रोधाची शिफारस करतं. समजा १० ओहम आहे आणि ३० हजार अँपिअरची वीज पडली. गुणाकार करा: तीन लाख व्होल्ट. आकडा शिफारशीच्या जवळ असूनही इमारतीच्या अर्थिंगचं व्होल्टेज क्षणभर इतकं वर जाऊ शकतं. तरी आतली माणसं वाचतात, कारण पाइप, सळया, केबलचं आवरण, सगळं एकमेकांना जोडलेलं असतं. पूर आल्यावर होडीतले सगळे एकदमच वर उचलले जातात, तसं. जोडायचा राहून गेलेला एखादा पाइप मात्र खालीच राहतो, आणि त्याला हात लावणारा माणूस दोन्हींच्या मध्ये सापडतो. त्यामुळे हे जोड एकेक करून कमी रोध मोजणाऱ्या मीटरने तपासणं मला जमिनीच्या आकड्याहून मोठं काम वाटतं. सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे तारांतून येणारा व्होल्टेजचा अचानक झटका अडवणारं उपकरण, ठीक आहे की निकामी, हे त्याची खिडकी हिरवी आहे की लाल यावरून तिथेच पाहून घेतात.

बाहेर, पट्टीजवळ उभ्या माणसाला असं संरक्षण नसतं. वीज मातीत पसरताना त्याच्या दोन पावलांखालचं व्होल्टेज वेगवेगळं असतं. वादळात पट्टीपासून किमान तीन मीटर दूर राहायचं, ते यासाठी. जिथे लोकांची ये-जा टाळता येत नाही, तिथे १५ सेंटीमीटर खडीचा किंवा ५ सेंटीमीटर डांबराचा थर घालतात.

(दृश्य: कोरडी, भेगाळलेली माती. मग ओली माती.)

ओल्या मातीत आकडा छान येतो, कोरड्या किंवा गोठलेल्या मातीत चढतो. काही ठिकाणी तपासणी १२ऐवजी ११ महिन्यांनी करतात, म्हणजे दर वेळी महिना सरकतो आणि हळूहळू सगळे ऋतू मोजून होतात. लिंक पुन्हा बसवल्यावर जोडाचा रोध परत मोजायचा असतो. ती उघडी राहिली तर वरची सगळी यंत्रणा जमिनीपासून तुटलेली.

अहवालात ओहमच्या शेजारी खुंट्यांची अंतरं, तिन्ही वाचनं, मातीची अवस्था, तारीख आणि मीटरच्या कॅलिब्रेशनची, म्हणजे तो अचूक मोजतो याच्या पडताळणीची, नोंद असावी. त्याशिवाय पुढच्या तपासनीसाला तीच मोजणी तशीच करून ताडता येत नाही.