अडीच गुंठ्यांवरचा हिशेब

[दृश्य: ऑक्टोबर. पानं गळालेलं सोयाबीन. चार खुंट्या, सुतळी, विळे, ताडपत्री, वजनकाटा.]

चार खुंट्या, त्यांना ताणलेली सुतळी. पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद. आतलं सोयाबीन कापायचं, ताडपत्रीवर पसरून बडवायचं, उफणायचं आणि काट्यावर ठेवायचं. याला म्हणतात पीक कापणी प्रयोग.

राज्य आणि पीक बदललं की प्लॉटचं मापही बदलतं. उत्तर प्रदेशात दहा मीटर बाजूचा समभुज त्रिकोण, पश्चिम बंगालमध्ये १.७१४५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ. आपण मात्र बहुतेक राज्यांत रुळलेला पाच बाय पाचचाच प्लॉट धरू. तो २५ चौरस मीटरचा, म्हणजे हेक्टरचा चारशेवा भाग. त्यामुळे हिशेब सोपा होतो. प्लॉटमध्ये एक किलो निघालं, तर हेक्टरी चार क्विंटल.

प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपात सुरू झाली. तिच्या मार्गदर्शक सूचनांत एका पिकासाठी किमान किती प्रयोग घ्यायचे, ते ठरवून दिलं होतं. तालुका हा विमा घटक, म्हणजे ज्या क्षेत्राची एकच सरासरी धरून भरपाई ठरते तो भाग, असेल तर १६, महसूल मंडळ असेल तर १०, ग्रामपंचायत असेल तर प्रमुख पिकासाठी ४.

मंडळाचे दहा प्लॉट म्हणजे २५० चौरस मीटर. अडीच गुंठे. मंडळातल्या हजारो हेक्टरांची सरासरी या अडीच गुंठ्यांवरून ठरते.

ऐकायला हे भयंकर वाटतं, आणि बांधावरचा पहिला सवाल हाच असतो: एवढ्याशा तुकड्यावरून अख्ख्या मंडळाचं कसं सांगता? शितावरून भाताची परीक्षा चालते, कारण पातेलं ढवळलेलं असतं. मंडळ कुणी ढवळत नाही. ढवळण्याचं काम करते ती चिठ्ठी, म्हणजे कुणाच्याही पसंतीविना होणारी यादृच्छिक निवड.

[दृश्य: शेताचा नैऋत्य कोपरा. टेपने लांबी मोजली जाते.]

म्हणून शेत कुणी पसंत करायचं नसतं. गाव, गट नंबर, शेत, सगळं यादृच्छिक अंकांच्या तक्त्यावरून निघतं. मग नैऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं. शेताची लांबी ८० मीटर आणि रुंदी ४५ मीटर असेल, तर दोन्हींतून पाच-पाच वजा करायचे. उरले ७५ आणि ४०. या मर्यादेतले दोन अंक तक्त्यातून काढायचे. समजा ३१ आणि १७ आले. लांबीकडे ३१ मीटर, तिथून आत १७ मीटर, तिथे पहिली खुंटी. चौकोन खरंच चौकोन झाला का, हे कर्ण सांगतो. तो ७ मीटर ७ सेंटिमीटर भरला पाहिजे.

नेमक्या त्या जागी पीक विरळ असेल, तरी खुंटी हलवायची नाही. "इथं काहीच नाही, जरा तिकडं घ्या" हे वाक्य प्रयोगाच्या दिवशी हमखास ऐकू येतं, आणि ते बोलणाऱ्याला त्यात काही चुकीचं वाटत नसतं. पण खुंटी एकदा हलली की पुढचं एकही सूत्र लागू राहत नाही.

[दृश्य: वहीत दहा आकडे.]

आता समजा, एका मंडळात वाळवलेल्या धान्याची वजनं किलोत अशी आली: २.६, २.९, ३.४, ४.२, १.९, २.८, ३.१, ३.६, १.५ आणि ३.०. आकडे उदाहरणादाखल घेतलेत, पण दीड आणि सव्वाचार किलो एकाच मंडळात निघण्यात नवल काहीच नाही.

बेरीज २९, सरासरी २.९ किलो. हेक्टरी ११.६ क्विंटल.

बहुतेक अहवाल इथेच थांबतात. खरं तर प्रश्न इथून सुरू होतो: चिठ्ठ्या वेगळ्या निघाल्या असत्या, तर ही सरासरी किती हलली असती?

प्रत्येक वजनातून २.९ वजा करा, फरकाचा वर्ग करा, सगळे वर्ग मिळवा. येतात ५.५४. याला दहाने नाही, नऊने भागायचं, कारण सरासरी याच आकड्यांतून काढताना एक माहिती खर्ची पडली. भागाकाराचं वर्गमूळ ०.७८. हे प्रमाण विचलन, म्हणजे प्लॉट एकमेकांपासून किती विखुरलेत त्याचं माप. सरासरी मात्र एकट्या प्लॉटइतकी हलत नाही. ०.७८ ला दहाच्या वर्गमुळाने, म्हणजे ३.१६ ने भागलं की ०.२५ किलो. ही प्रमाण त्रुटी. या दोन शब्दांची गल्लत फार होते.

आता गुणक, म्हणजे प्रमाण त्रुटीला ज्याने गुणायचं तो आकडा. पाठ्यपुस्तकातला १.९६ सगळ्यांच्या तोंडी असतो, पण तो मोठ्या नमुन्यासाठी. दहाच प्लॉट असतील तर लहान नमुन्यांसाठीच्या टी-सारणीत नऊच्या, म्हणजे प्लॉटपेक्षा एक कमी, ओळीला बघायचं. तिथे २.२६ आहे. २.२६ गुणिले ०.२५, साधारण ०.५६ किलो. म्हणजे हेक्टरी सव्वादोन क्विंटल, वर आणि खालीही.

तर उत्तर ११.६ नाही. उत्तर आहे ९.४ ते १३.८ क्विंटल, ९५ टक्के विश्वासाने. हाच विश्वास अंतराल.

या ९५ टक्क्यांचा अर्थ लावताना भलेभले चुकतात. "खरी सरासरी या दोन आकड्यांत असण्याची शक्यता ९५ टक्के" असं सर्रास म्हटलं जातं. पण मंडळाची खरी सरासरी ठरलेली आहे, ती जागची हलत नाही. हलतो तो अंतराल, कारण चिठ्ठ्या बदलल्या की तोही बदलतो. अशाच रीतीने शंभर वेळा चिठ्ठ्या काढून शंभर अंतराल मांडले, तर साधारण ९५ अंतरालांत खरा आकडा सापडेल. आपल्या हातातला अंतराल त्या ९५ पैकी की उरलेल्या ५ पैकी, हे कधीच कळत नाही. भरवसा रीतीचा असतो, एकेका अंतरालाचा नव्हे.

ही मांडणी संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांची. १९३४ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे त्यांनी ती वाचली, तेव्हा ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञ आर्थर बाउली यांनी तिथल्या तिथे शंका काढली की हा 'विश्वास' म्हणजे हातचलाखी तर नाही ना. त्याच काळात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा एक तरुण शिकत होता: पांडुरंग वासुदेव सुखात्मे. नमुना निवडीवरच्या नेमन यांच्या कामाला जोडून त्यांनी १९३५ साली स्वतःचा निबंध प्रसिद्ध केला. पुढे १९४० मध्ये ते दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत आले, आणि पीक कापणीची पद्धत देशभर बसवण्यात त्यांचा मोठा वाटा राहिला.

[दृश्य: सुतळीच्या रेषेवरची झाडं. विळा थांबतो.]

सुखात्मे ज्या मुद्द्यावर अडून बसले, तो या सुतळीवर दिसतो. रेषेवरचं झाड आत धरायचं की बाहेर? नियम सांगतो, बुंधा आत असेल तर आत. कापणाऱ्याचा हात मात्र सहज बाहेर जातो, उलटा क्वचितच. समजा चारही बाजूंनी पाच सेंटिमीटर जास्त कापलं. पाच मीटरच्या चौकोनात क्षेत्र चार टक्क्यांनी वाढतं. पश्चिम बंगालच्या वर्तुळात सहा टक्क्यांनी. आणि दोन फूट त्रिज्येच्या छोट्या वर्तुळात तब्बल सतरा टक्क्यांनी. प्लॉट जितका लहान, तितकी कडेची चूक मोठी. चाळीसच्या दशकात सुखात्मे आणि संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यात यावरून जाहीर वाद झाला. महालनोबिस यांचं म्हणणं, शिकवलेली माणसं असतील तर छोटे प्लॉट चालतात, आणि त्याच खर्चात ते जास्त ठिकाणी घेता येतात. दोघांच्या म्हणण्यात तथ्य होतं. पण सुतळीवर कोण बसणार आहे हे पाहिलं, तर सुखात्म्यांचं पारडं जड वाटतं.

ओलाव्याचंही तसंच. ३.१ किलो धान्य १८ टक्के ओलाव्यावर तोललं, तर १२ टक्क्यांवर ते २.८९ किलोच भरतं. ताडपत्रीवर फरक दोनशे ग्रॅमचा, कागदावर हेक्टरी ८५ किलोचा.

यातलं काहीही विश्वास अंतरालात दिसत नाही. तो फक्त चिठ्ठीचा चंचलपणा मोजतो. दहाही प्लॉट सारखेच जास्त कापले गेले, तर अंतराल अरुंद, देखणा आणि चुकीच्या जागी बसतो.

आता एक गोष्ट मुद्दाम मागे ठेवली होती. ते दहा प्लॉट दहा गावांतले नव्हते. गावं पाच, प्रत्येकात दोन प्लॉट, आणि आकडे त्याच क्रमाने वाचले होते. एका गावची माती सारखी, पाऊस सारखा. दुसरा प्लॉट बरचसं पहिल्याचंच सांगतो. म्हणून गावांच्या सरासऱ्या घ्यायच्या: २.७५, ३.८, २.३५, ३.३५, २.२५. त्यांचं प्रमाण विचलन ०.६६, पाचच्या वर्गमुळाने भागून ०.३०, आणि सारणीत चारच्या ओळीचा गुणक २.७८. प्लॉट तेच, सरासरी तीच ११.६, पण अंतराल आता ८.३ ते १४.९. मघाचा सव्वादोनचा फरक सव्वातीनच्या पुढे गेला. हा दुसरा आकडा प्रामाणिक.

समजा या मंडळाचं उंबरठा उत्पादन, म्हणजे ज्याच्या खाली सरासरी गेली तरच भरपाई मिळते तो आकडा, १०.५ क्विंटल आहे. सरासरी ११.६, उंबरठ्याच्या वर, म्हणून भरपाई शून्य. उंबरठा मात्र अंतरालाच्या पोटात आहे. चिठ्ठ्या जरा वेगळ्या निघाल्या असत्या, तर निकाल फिरला असता. योजनेच्या सूत्रात अंतरालाला जागा नाही, तिथे फक्त सरासरी जाते.

"मग मंडळ सोडा, गावाचा वेगळा हिशेब करा" ही मागणी रास्त आहे. पण गावाच्या वाट्याला चार प्रयोग. विखुरणं तेवढंच धरलं, तर ०.७८ भागिले दोन, आणि तीनच्या ओळीचा गुणक ३.१८. फरक हेक्टरी पाच क्विंटल, दोन्ही बाजूंना. आकडा आपल्या गावचा होतो आणि त्याच वेळी डळमळीतही होतो. त्रुटी निम्मी करायची तर प्लॉट चौपट लागतात, आणि कापणीचे दिवस तेवढेच असतात.

[दृश्य: कपाशीचं शेत. हिरवं बोंड फोडलं जातं. आत गुलाबी अळी.]

सरासरीचं हे झालं. टक्केवारीचं गणित जरा वेगळं चालतं, आणि ते कपाशीत चांगलं दिसतं.

गुलाबी बोंडअळी आत शिरली की छिद्र बुजतं, बाहेरून बोंड शाबूत. म्हणून फोडूनच पाहावं लागतं. शिफारस अशी: वीस हिरवी बोंडं फोडा, दोन किडलेली निघाली, म्हणजे दहा टक्के, की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली, म्हणजे आता उपाय करायला हवा.

वीसात दोन. नेहमीच्या सूत्रात ०.१ गुणिले ०.९ भागिले २०, त्याचं वर्गमूळ, गुणिले १.९६. उत्तर येतं उणे ३ ते २३ टक्के. उणे तीन टक्के बोंडं किडलेली! टक्केवारी शून्याजवळ आणि नमुना लहान असला की हे सूत्र असं मोडतं. एडविन विल्सन यांनी १९२७ मध्ये दिलेली रीत इथे टिकते: २.८ ते ३० टक्के. मोबाइलवर करायचं तर सापडलेल्यांत दोन मिळवा, एकूणात चार, म्हणजे चोवीसात चार, आणि मग जुनंच सूत्र लावा. २ ते ३२ टक्के येतं, कामापुरतं पुरेसं.

दोनशे बोंडांत वीस सापडली, तर विल्सनची रीत ६.६ ते १४.९ टक्के सांगते. मात्र वीस झाडांची दहा-दहा बोंडं तोडून दोनशे भरली, तर ती दोनशे नव्हेत. एका झाडावरच्या बोंडांत थोडंसं, समजा शून्य ते एकच्या मापावर ०.१ इतकं, साम्य असलं, तरी त्यांची किंमत १०५ बोंडांएवढीच. दोनशे झाडांचं एकेक बोंड घेणं जास्त चालायला लावतं, पण तेच बरं.

आणि वीसात एकही किडलेलं निघालं नाही तर? शेत स्वच्छ म्हणून माणूस घरी जातो. अशा वेळी वरची मर्यादा काढायला सोपा हिशेब आहे: तीन भागिले नमुना. तीन भागिले वीस, पंधरा टक्के. पातळी दहाची आहे, म्हणजे वीस स्वच्छ बोंडं एवढंही सांगू शकत नाहीत की शेत पातळीच्या खाली आहे. आणखी चाळीस फोडा, आधीच्या झाडांवरची सोडून. साठात एकही नाही, तर वरची मर्यादा पाच टक्के.

[दृश्य: बांधावर साठ फोडलेली बोंडं, दहा-दहाच्या सहा रांगा.]