हसणाऱ्यांत तो बसलेला असतो का?

मंडळी, सरळ विषयालाच हात घालतो. टीव्हीवर, रेडिओवर एखाद्या जातीजमातीची, प्रांताची साचेबंद टर उडवली जाते. ती त्या लोकांना लागते का, आणि लागली तर त्यांचं चुकतं का? माझं म्हणणं असं, की पुष्कळदा लागते आणि लागणं रास्त असतं. ‘विनोदच तर आहे, एवढं काय मनाला लावून घ्यायचं?’ असं ज्याच्यावर विनोद झाला तो सहसा म्हणत नाही. शेजारी बसून हसणारा म्हणतो.

आता तुम्ही म्हणाल, आपण कोकणातली माणसं थट्टेवरच वाढलो. खरं आहे. दशावतार या आपल्या लोकनाट्याच्या पूर्वरंगात भटजी आला की त्याची यथेच्छ फिरकी घेतात, संकासूर राक्षस मालवणीतून हसवून पोट दुखवतो. पण ही थट्टा जत्रेत होते. ज्यांची टिंगल चालते ते तिथेच खाली बसलेले असतात. उजाडल्यावर देवळाच्या आवारात नटाला गाठून चार शब्द सुनावता येतात, आणि सुनावतातही. १९८० साली ‘वस्त्रहरण’ हे मालवणी नाटक आलं, मच्छिंद्र कांबळींनी ते हजारो प्रयोगांपर्यंत नेलं. आपल्या भांडखोरपणावर, आपल्या शिव्यांवर आपण पोट धरून हसलो. का हसू शकलो? कारण लिहिणारे गवाणकर आपले, बोलणारे आपले, आणि रंगमंचावर मालवणी माणूस एकटा नव्हता. तात्या सरपंचापासून गोप्यापर्यंत अख्खं गाव होतं, प्रत्येकाचा स्वभाव निराळा.

मुंबईतल्या घरात घडणाऱ्या मालिकेत मात्र मालवणी एकटाच असतो. खाकी हाफपँट, खांद्याला पंचा, हेल काढून बोलणं. तो आला की हसायचं, गेला की खरी गोष्ट पुढे सुरू. त्याचं घर, त्याची बायको, त्याची काळजी कधी दिसतच नाही. मला खटकतं ते हे एकटेपण.

अमेरिकेत नेमकं हेच झालं. ‘द सिम्पसन्स’ या कार्टून मालिकेत अपू नावाचा भारतीय दुकानदार १९९० पासून आहे. आवाज देणारे हँक अझेरिया भारतीय नव्हेत, ते भारतीय उच्चारांची नक्कल करायचे. तिथे वाढलेल्या आपल्या मुलांना टीव्हीवर दुसरा भारतीय क्वचितच दिसायचा, त्यामुळे शाळेत त्यांना अपूच्या आवाजात चिडवलं जाई. हरी कोंडाबोलू या विनोदी कलाकारानं २०१७ मध्ये यावर माहितीपट केला. मला याचं विशेष वाटतं, कारण तक्रार करणारा स्वतः हसवण्याचंच काम करतो. त्याला विनोद कळत नाही असं कोण म्हणणार? २०२० मध्ये अझेरियांनी तो आवाज देणं थांबवलं.

आता जरा आपल्या अंगणात या. आपल्या हापूसच्या बागा कोण राखतं? पावसाळा सरला की नेपाळी कुटुंबं येतात, झापाच्या खोपीत राहतात, रात्री वानर-चोरांमागे धावतात. होडीवर खलाशी म्हणूनही तेच. आणि टीव्हीवरचा नेपाळी? शिट्टी, काठी, ‘शाबजी’. देवगडकडच्या एका शाळेत अशा बागेतला एक मुलगा मी पाहिला. गाबतांच्या, म्हणजे इथल्या मच्छीमारांच्या, पोरांइतकी चोख मालवणी बोलणारा. मधल्या सुट्टीत पोरं त्याला ‘ए शाबजी, गेट उघड’ म्हणायची. बाईंनी विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, ‘‘बाई, माजा नाव ह्यांका म्हायत आसा.’’ त्या पोरांना हा ‘शाबजी’ घरी कोणी शिकवलेला नव्हता. हाफपँटवरून चिडणाऱ्या आपण या मुलाच्या बाजूनंही चिडायला हवं, नाहीतर आपल्या चिडण्याला वजन राहत नाही.

मग बंदी आणायची का? मी बंदीच्या बाजूचा नाही. सरदारजींवरच्या विनोदांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली होती. २०१७ मध्ये न्यायालयानं सांगितलं, की एखाद्या समाजासाठी नैतिक नियम आम्ही घालून देऊ शकत नाही. ते मला पटतं. खासगी गप्पांतला विनोद कोर्टानं कसा अडवायचा? प्रसारणाची गोष्ट मात्र वेगळी. केबल टेलिव्हिजनच्या १९९४ च्या नियमांत कार्यक्रम संहिता आहे. वांशिक, भाषिक वा प्रादेशिक गटांना हिणवणारं, तुच्छ लेखणारं चित्रण करू नये, असं तिच्या सहाव्या नियमात स्पष्ट लिहिलेलं आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वाहिनीनं तक्रारीचा निकाल पंधरा दिवसांत लावायचा असतो, समाधान झालं नाही तर वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे जाता येतं.

तेव्हा नुसतं चडफडत बसू नका. कार्यक्रम कोणता, भाग कोणत्या दिवशीचा, वाक्य काय होतं, हे टिपून वाहिनीला लिहा. मालवणी माणसासाठी लिहा, आणि बागेतल्या त्या मुलासाठीही लिहा. त्याच्या आईबापांना हे अर्ज मराठीत लिहिता येत नाहीत.