उसना गोलरक्षक

३ जुलै २०१८. मॉस्कोच्या स्पार्टाक मैदानावर रात्र झाली आहे आणि आपल्याकडे घड्याळात दोन वाजत आले आहेत. फुटबॉल विश्वचषकाच्या बाद फेरीत इंग्लंड आणि कोलंबिया १२० मिनिटे खेळूनही १-१ असे बरोबरीत अडकले आणि सामना पेनल्टी शूटआऊटवर, म्हणजे फक्त गोलरक्षक समोर ठेवून आळीपाळीने मारायच्या पाच-पाच फटक्यांवर गेला. विश्वचषकातले आधीचे तिन्ही शूटआऊट, म्हणजे १९९०, १९९८ आणि २००६ चे, इंग्लंडने गमावलेले असल्यामुळे इंग्रज प्रेक्षकांना या प्रकाराची धास्तीच बसलेली होती. कोलंबियाचा चौथा फटका आडव्या खांबावर आदळून परत आला आहे, गुणफलक ३-३ असा आहे आणि पाचव्या फटक्यासाठी कार्लोस बाका चेंडूमागे उभा आहे.

आता गोलरक्षकाकडे नीट पाहा. तो उजवीकडे झेपावतो, पण बाकाचा चेंडू जवळजवळ मधोमध आणि उंच येतो, म्हणजे गोलरक्षकाचे अंग चेंडूच्या पुढे निघून गेलेले असते. अशा वेळी बहुतेकांची झेप वाया जाते. हा मात्र पडता पडता डावा हात मागे, वर ठेवतो आणि तळव्याने चेंडू बाहेर ढकलतो. त्यानंतर एरिक डायर गोल करतो आणि इंग्लंड विश्वचषकातला आपला पहिला शूटआऊट जिंकते.

त्या गोलरक्षकाचे नाव जॉर्डन पिकफर्ड. विश्वचषकाला निघाला तेव्हा त्याच्या नावावर इंग्लंडकडून फक्त तीन सामने होते. तो अचानक कुठून आला, असे अनेकांना त्या रात्री वाटले असेल. तो अचानक आलेला नव्हता. गेली काही वर्षे तो इंग्लंडच्या खालच्या श्रेणींमध्ये, टीव्हीवर क्वचितच दिसणाऱ्या मैदानांवर उभा होता, आणि तोही बहुतेक वेळा दुसऱ्याचा उसना खेळाडू म्हणून.

पिकफर्डचा जन्म ७ मार्च १९९४ चा, इंग्लंडच्या ईशान्येकडील वॉशिंग्टन या गावातला. अमेरिकेच्या राजधानीशी नाव जुळणारे हे गाव संडरलँडपासून हाकेच्या अंतरावर आहे. आठव्या वर्षी तो संडरलँड क्लबच्या अकादमीत दाखल झाला आणि तिथेच वाढला. अकादमीतल्या मुलाने वरच्या संघात जायचे, हा सरळ रस्ता वाटतो; गोलरक्षकाच्या बाबतीत तो तसा नसतो. आघाडीच्या तरुण खेळाडूला जिंकत आलेल्या सामन्यात शेवटची दहा मिनिटे देता येतात, मधल्या फळीतल्या मुलाला बाजूला खेळवून पाहता येते. गोलरक्षकाची जागा एकच असते, आणि त्या जागेवरचा माणूस जायबंदी झाल्याशिवाय किंवा मैदानाबाहेर काढला गेल्याशिवाय ती सहसा रिकामी होत नाही. क्रिकेटच्या दौऱ्यावर दुसरा यष्टिरक्षक म्हणून गेलेल्या खेळाडूचे काय होते, हे आपल्याला ठाऊक आहे. परदेश पाहून होतो, सामना मिळत नाही.

म्हणून इंग्लंडमध्ये तरुण गोलरक्षकाला लोनवर पाठवतात. त्याचा करार मूळ क्लबशीच राहतो, पण काही महिने किंवा एक मोसम तो दुसऱ्या, बहुधा खालच्या श्रेणीतल्या क्लबकडून खेळतो. तिथल्या व्यवस्थेत वर २० संघांची प्रीमियर लीग असते. तिच्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू अशा प्रत्येकी २४ संघांच्या तीन श्रेण्या असतात. त्याखालच्या पाचव्या श्रेणीला तेव्हा कॉन्फरन्स प्रीमियर म्हणत. तिथे पूर्ण वेळ पगारावर असलेले खेळाडू होते, तसेच दिवसा नोकरी करून संध्याकाळी सरावाला येणारेही होते. पिकफर्डची सुरुवात या पाचव्या श्रेणीत, डार्लिंग्टन क्लबकडून झाली.

डार्लिंग्टनचे नाव रेल्वेच्या इतिहासात सर्वांना माहीत असते, कारण १८२५ साली स्टॉकटन–डार्लिंग्टन मार्गावर वाफेच्या इंजिनाची गाडी धावली. फुटबॉलमध्ये मात्र हे गाव एका अवाढव्य मैदानामुळे बदनाम झाले. सुमारे एक लाख वस्तीच्या या गावात क्लबच्या तेव्हाच्या मालकाने २५,००० आसनांचे स्टेडियम बांधले आणि २००३ मध्ये ते सुरू झाले. सामन्याला येणारी माणसे मोजक्या हजारांत होती. रिकाम्या खुर्च्यांचा तो खर्च क्लबला पेलवला नाही आणि जानेवारी २०१२ मध्ये क्लब कायमचा बंद पडण्याच्या बेतात आला. दिवाळखोरीमुळे नेमलेल्या प्रशासकाने खेळाडूंचे करार संपवले, आणि अगदी शेवटच्या घटकेला पाठीराख्यांनी पैसे उभे केल्यामुळे क्लब तेवढ्यापुरता तगला.

त्याच महिन्यात सतरा वर्षांचा पिकफर्ड तिथे पोहोचला. फ्लीटवुड टाऊनविरुद्धच्या पदार्पणाच्या सामन्यात संघ ०-१ ने हरला. मोसम संपेपर्यंत तो डार्लिंग्टनकडून १७ लीग सामने खेळला आणि तळाच्या संघांत राहिल्यामुळे संघ खालच्या श्रेणीत घसरला. अकादमीच्या सामन्यात हरलेला मुलगा घरी जाऊन जेवतो. इथे बरोबरचे खेळाडू पुढच्या महिन्याच्या पगाराची वाट पाहत होते आणि गोलमागे उभ्या असलेल्या माणसांनी क्लब वाचवायला खिशातले पैसे घातले होते. त्यांच्यासमोर चेंडू हातातून निसटला तर काय वाटते, हे प्रशिक्षकाला फळ्यावर लिहून शिकवता येत नाही.

खेळातला फरकही मोठा असतो. अकादमीतली मुले चेंडू जमिनीलगत खेळवतात, तर पाचव्या श्रेणीत तो पुष्कळदा थेट गोलरक्षकाच्या डोक्यावर येतो. कॉर्नरच्या वेळी एखादा तिशीतला धिप्पाड आघाडीपटू पाठ लावून उभा राहतो, कोपराने जागा करतो, बुटाने गोलरक्षकाचा पाय अडवून धरतो, आणि या सगळ्यातून हात वर काढून ओला चेंडू धरायचा असतो. पिकफर्डची उंची १.८५ मीटर, म्हणजे सहा फूट एक इंच. आपल्याकडे ती भरपूर वाटली, तरी व्यावसायिक गोलरक्षकांमध्ये त्याला बुटकाच म्हणत. ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच चौकटीसमोर ज्याची उंची दोन बोटे कमी पडते, त्याला चेंडू येण्याआधीच निघावे लागते. ही घाई कधी अंगाशी येते आणि कधी सामना वाचवते. पिकफर्डच्या खेळातली धांदल टीकाकारांना आजही खटकते. माझ्या मते त्याचा वेग आणि त्याची धांदल एकाच मुळातून आलेली आहेत, त्यामुळे एक काढून दुसरी ठेवता येणार नाही.

२०१३ च्या सुरुवातीला तो पुन्हा पाचव्या श्रेणीत, डर्बीशरमधल्या अल्फ्रेटन टाऊनकडे गेला आणि १२ सामने खेळला. पुढच्या मोसमात बिअरच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावातल्या बर्टन अल्बियनकडून, म्हणजे चौथ्या श्रेणीत, आणखी १२ सामने झाले. त्याच मोसमात स्कॉटलंडच्या सीमेजवळच्या कार्लाइल युनायटेडकडून तिसऱ्या श्रेणीत १८ सामने झाले आणि कार्लाइलही खाली घसरले. लोनवरच्या खेळाडूचे आयुष्य असे तुकड्यातुकड्यांत जाते. नव्या गावात नवी खोली शोधायची, नव्या बचावपटूंची नावे पाठ करायची, आणि ते आपल्या हाकेला ओ देऊ लागेपर्यंत परत निघायची वेळ होते.

ब्रॅडफर्डमध्ये त्याला प्रथमच मोठा मुक्काम मिळाला. २०१४-१५ च्या मोसमात ब्रॅडफर्ड सिटीकडून तो तिसऱ्या श्रेणीत ३३ लीग सामने खेळला. व्हॅली परेड हे या क्लबचे मैदान १९८५ च्या आगीमुळे इंग्लंड विसरू शकत नाही. त्या दिवशी तिथे ५६ माणसे गेली. प्रेक्षकांचे या मैदानावरचे प्रेम मोठे आहे आणि तिसऱ्या श्रेणीतही तिथे गर्दी होते. गंमत अशी, की ब्रॅडफर्डच्या अलीकडच्या इतिहासातला सर्वांत मोठा दिवस याच मोसमात उगवला. २४ जानेवारी २०१५ रोजी एफए कपमध्ये, म्हणजे सर्व श्रेण्यांतल्या क्लबांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत, प्रीमियर लीगमधल्या चेल्सीच्या घरच्या मैदानावर, ०-२ अशा पिछाडीवरून त्यांनी ४-२ असा विजय मिळवला. त्या दिवशी गोलमध्ये पिकफर्ड नव्हता, बेन विल्यम्स होता. पुढच्या फेरीत ब्रॅडफर्डने हरवले ते पिकफर्डच्याच मूळ क्लबला, संडरलँडला. उसन्या खेळाडूच्या वाट्याला सोहळ्याच्या दिवशी असे मांडवाबाहेर थांबणेही येते.

नंतर आली दुसरी श्रेणी, प्रेस्टन नॉर्थ एंड, आणि अर्ध्या मोसमातले २४ सामने. सहा क्लब मिळून ११६ लीग सामने झाल्यावर, म्हणजे पाचवीपासून दुसरीपर्यंत एकही पायरी न गाळता, तो संडरलँडला परतला. जानेवारी २०१६ मध्ये एफए कपमध्ये आर्सेनलविरुद्ध त्याला पहिला सामना मिळाला आणि संघ १-३ ने हरला. आठवड्याने प्रीमियर लीगमधले पदार्पण झाले आणि टॉटनहॅमने चार गोल केले. पुढच्या मोसमात संडरलँड २४ गुणांसह तळाला राहून बाहेर पडले. तेविसाव्या वर्षी या मुलाच्या खात्यात घसरलेले तीन संघ होते. तरीही जून २०१७ मध्ये प्रीमियर लीगमधल्या एव्हर्टनने त्याच्यासाठी अडीच कोटी पौंड मोजले, आणि ही रक्कम तीन कोटींपर्यंत जाऊ शकेल असा करार केला. ब्रिटिश गोलरक्षकासाठी इतकी किंमत आधी कोणी दिली नव्हती. हरणाऱ्या संघाचा गोलरक्षक हरतो खरा, पण सर्वांत जास्त काम त्यालाच असते आणि पाहणाऱ्याला ते दिसते.

मॉस्कोच्या त्या रात्रीकडे पुन्हा वळू. त्याआधी पाचच दिवस कलिनिनग्राडमध्ये बेल्जियमच्या यानुझायने पिकफर्डला गोल केला होता आणि बेल्जियमचा सुमारे दोन मीटर उंचीचा गोलरक्षक कुर्तुआ याने पिकफर्डच्या कमी उंचीचा मुद्दा काढला होता. इंग्लंडच्या त्या संघातले राखीव गोलरक्षक जॅक बटलँड आणि निक पोप हेही याच वाटेचे होते. बटलँड चौथ्या श्रेणीतल्या चेल्टनहॅमकडून खेळलेला, तर पोप सोळाव्या वर्षी इप्सविचने सोडून दिल्यावर बिगर-लीग, म्हणजे चौथ्या श्रेणीच्याही खालच्या फुटबॉलमध्ये उतरलेला. कर्णधार हॅरी केन एकेकाळी लेटन ओरिएंटला लोनवर होता. आणि कोलंबियाविरुद्ध पहिल्या ९० मिनिटांच्या अखेरीस बदली म्हणून उतरलेला जेमी वार्डी हा २०११-१२ च्या मोसमात पाचव्या श्रेणीत ३१ गोल करणारा फ्लीटवुड टाऊनचा आघाडीपटू होता. ज्या क्लबविरुद्ध सतरा वर्षांच्या पिकफर्डने पदार्पण केले, तोच हा क्लब.

डार्लिंग्टनला त्या मोसमानंतर एका झटक्यात नवव्या श्रेणीत ढकलण्यात आले. काही वर्षे तो क्लब आपल्या गावातही खेळू शकला नाही, शेजारच्या बिशप ऑकलंडचे मैदान त्याने वापरले. चार वर्षांत तीन वेळा बढती मिळवून तो सहाव्या श्रेणीपर्यंत आला आणि २०१६ च्या अखेरीस गावात परतला, पण एका रग्बी क्लबच्या छोट्या मैदानावर भागीदार म्हणून. पिकफर्डने पहिला सामना खेळलेले २५,००० आसनांचे स्टेडियमही गावातल्या दुसऱ्या एका रग्बी क्लबकडे गेले. फुटबॉलच्या चौकटी होत्या त्या दोन्ही टोकांना तिथे इंग्रजी एच अक्षरासारखे उंच खांब उभे राहिले.