मॅगझिन बसतं, पण चालतं का?

(नागपुरातल्या हौशी नेमबाजांसमोर आणि परवानाधारकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

विदर्भ हा एकेकाळचा शिकारीचा मुलुख. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकार बंद झाली, पण जुन्या मालगुजारांच्या वाड्यांत परवान्यावरच्या पॉइंट टू-टू, म्हणजे 0.22 इंची नळीच्या, रायफली तशाच राहिल्या. आता घरातल्या नातवाला किंवा नातीला नेमबाजी शिकायची असते. कपाटातून रायफल निघते. ब्रनो कंपनीची असते, बीएसएची असते. नळी स्वच्छ, लाकूड धडधाकट, आणि मॅगझिन, म्हणजे काडतुसं भरायची स्प्रिंगची डबी, मात्र हरवलेलं किंवा गंजून गेलेलं. मूळ कंपनीचं मिळत नाही, म्हणून बाहेरचं शोधणं सुरू होतं. दुकानदार ते खालून सरकवतो, टक् असा आवाज येतो आणि तो म्हणतो, "बसलं की भाऊ!"

त्या आवाजावरून एवढंच कळतं की मॅगझिन धरून ठेवणारा खटका अडकला. काडतूस नीट चढेल का, याचं उत्तर त्यात नाही.

पॉइंट टू-टू लाँग रायफल हे काडतूस 1887 पासून चालत आलंय, आणि त्याची घडण मॅगझिनला फार अडचणीची आहे. सेंटरफायर काडतुसात मधोमध प्रायमर, म्हणजे स्फोटक मसाल्याची वेगळी टोपी, असतं. इथे स्फोटक मसाला बुडाच्या बाहेर आलेल्या काठात, म्हणजे रिममध्येच भरलेला असतो. कवचाचा व्यास साधारण 5.7 मिलिमीटर आणि रिमचा 7 च्या आसपास. माथा असलेले खिळे काड्यापेटीत एकावर एक रचून बघा, म्हणजे अडचण लक्षात येईल. वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या रिमच्या पुढे असली पाहिजे. ती मागे गेली की बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत सरकवणारा दांडा, वरच्याला पुढे ढकलतो आणि ते खालच्याला धरून बसतं. याला रिमलॉक म्हणतात. रिममुळे रचलेल्या काडतुसांचा बुडाकडचा भाग थोडा जास्त जागा घेतो, त्यामुळे रास सरळ राहत नाही, पुढच्या बाजूला वळत जाते. पाच काडतुसांत हे जाणवत नाही. पंचवीस झाली की मॅगझिनला केळ्यासारखा बाक द्यावाच लागतो, आणि तो बाक जरा चुकला की स्प्रिंग कितीही चांगली असो, उपयोग नाही.

म्हणून मला रुगरच्या 10/22 चं कौतुक वाटतं. 1964 साली आलेल्या या रायफलीचं दहा गोळ्यांचं मॅगझिन फिरतं आहे. आतल्या चक्राला खाचा असतात आणि प्रत्येक काडतूस आपापल्या खाचेत बसतं. रिमला रिम लागतच नाही, त्यामुळे रिमलॉकचा प्रश्न तिथेच संपतो. तोंडाचा भाग पोलादी. पुढे 2011 मध्ये त्याच कंपनीनं पंचवीस गोळ्यांचं लांब मॅगझिन काढलं, त्यात फीड लिप्स, म्हणजे काडतूस धरून ठेवणारे वरचे ओठ, स्टेनलेस स्टीलच्या आणि जोर शेवटपर्यंत सारखा ठेवणारी स्प्रिंग घातली. मूळ कंपनीलाच लांब मॅगझिनसाठी एवढा खटाटोप करावा लागतो, तर स्वस्तातलं, सगळंच प्लास्टिकचं असलेलं नक्कल मॅगझिन कुठे कमी पडत असेल, हे सांगायला नको.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, तो म्हणजे उंची. मॅगझिन खटक्यात अडकल्यावर ते नेमकं किती वर बसतं, यावर जवळजवळ सगळं अवलंबून आहे. अर्धा मिलिमीटर खाली राहिलं तर बोल्ट काडतुसाच्या बुडावरून निसटून जातो आणि रिकाम्या चेंबरवर, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेवर, बंद होतो. तुम्ही घोडा दाबता, नुसतं टिक्. लोक म्हणतात मिसफायर, गोळी खराब आहे. ते खरं नसतं. मॅगझिन जास्त वर बसलं तर बोल्ट त्यालाच घासतो. ओळखायची सोपी पद्धत आहे. रेंजवर, नळी लक्ष्याकडे ठेवून, मॅगझिन खालून बोटानं हलकंच वर दाबून धरा आणि बोल्ट चालवा. दाबल्यावर अडचण गेली तर दोष खटक्याचा किंवा खाचेचा आहे, स्प्रिंगचा नाही. ही चाचणी जिवंत गोळ्या भरून घरी करायची नाही, त्यासाठी डमी काडतुसं मिळतात.

दुसरा मुद्दा, लिप्स. वरचे दोन ओठ काडतूस किती वेळ धरतात, केव्हा सोडतात आणि त्याचं नाक कुठे वळतं, यावर गोळी सरळ चेंबरमध्ये जाते की त्याच्या कडेवर आदळते हे ठरतं. पॉइंट टू-टूची गोळी मऊ शिशाची, वरून मेण किंवा ग्रीस लावलेली, आणि तिचा व्यास कवचाएवढाच. ती कवचात फार घट्ट धरलेली नसते. कडेवर आदळली की शिसं खरवडलं जातं, गोळी किंचित वाकडी होते. रायफल जॅम होत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही. फक्त 50 मीटरवरचा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका, पसरतो. मग स्कोप बदला, गोळ्यांचा ब्रँड बदला, सगळं करून राहिले लोक! मॅगझिनमधून चढवलेलं काडतूस न झाडता हळूच बाहेर काढून नाकावर चरा आहे का, एवढं बघायचं. चरा असेल तर ते मॅगझिन बाजूला ठेवा. गोळीचा आकारही बघा. सपाट नाकाची स्पर्धेची गोळी आणि गोल नाकाची साधी गोळी एकाच लिप्समधून सारखी चढत नाही.

50 मीटरच्या आंतरराष्ट्रीय रायफल स्पर्धेत एकेक काडतूस हातानंच भरतात, त्यामुळे त्या मार्गावर असलेल्या मुलांना यातलं बरंचसं लागू नाही.

आपला उन्हाळा मात्र लागू आहे. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बंद गाडीत ठेवलेलं मॅगझिन हातात धरवत नाही. गोळीवरचं मेण मऊ होतं, धूळ पकडतं आणि तोच चिखल मॅगझिनच्या आतल्या भिंतींवर जमतो. चांगलं नायलॉन हे सोसतं, हलक्या प्लास्टिकचे ओठ उन्हात पसरतात. तेल कमीत कमी लावा, मी तर आत कोरडंच ठेवतो.

कुठलं घ्यायचं, असं मला विचारतात. सीझेड कंपनीच्या रायफलवाल्यांचं बरं आहे, 455 मॉडेलचं मॅगझिन 457 ला चालतं. ब्रनो मॉडेल 2 आणि सीझेड 452 एकाच घराण्यातल्या, म्हणून जुन्या ब्रनोवाल्यांनी आधी तिकडे शोधावं. बाहेरचं घ्यायचं झालं तर पाच किंवा दहा गोळ्यांचं, लिप्स धातूच्या असलेलं घ्या. बोल्ट-अ‍ॅक्शनमध्ये बोल्ट दर गोळीला हातानंच मागे-पुढे करायचा, हात सावकाश चालतो, स्प्रिंगला काडतूस वर आणायला वेळ मिळतो, म्हणून मध्यम प्रतीचं मॅगझिनही निभावून जातं. सेमी-ऑटोमध्ये बोल्ट आपोआप चालतो, तिथे ती सवलत नाही. दोष मॅगझिनवर ढकलण्याआधी शक्य असेल तर मूळ मॅगझिन लावून बघा. रिकाम्या चेंबरवर घोडा दाबत राहण्याची सवय असेल तर फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर ठोका देणारी खीळ, चेंबरची कड ठेचते आणि मग कुठल्याच मॅगझिनमधून गोळी नीट चढत नाही.

खरेदी परवानाधारक विक्रेत्याकडूनच करा, पावती घ्या. शस्त्र कायदा 1959 च्या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात, त्यामुळे परदेशातून पार्सलनं मागवायची हौस नको.

मागून एकानं विचारलंय, लेथवाल्याकडून करून घेतलं तर? डबी तो उत्तम करेल, त्याच्या हाताला नावं ठेवायचं कारण नाही. अडतं ते लिप्सच्या कोनावर आणि पोलादाला दिलेल्या पाण्यावर. पाणी नीट दिलं नाही तर ओठ महिनाभरात उघडतात.

आणि ही दुसरी चिठ्ठी, सैल स्प्रिंग ताणून लांब करावी का? नको. चार दिवस चालते, मग पुन्हा बसते. त्या चार दिवसांत जोर जास्त झाला तर वरचं काडतूस लिप्सवर इतकं दाबलं जातं की बोल्टला ते सुटत नाही. मॅगझिन भरताना पहिल्या दोन-तीन गोळ्यांनाच अंगठा दुखायला लागला, तर जोर जास्त झालाय असं समजा आणि नवी स्प्रिंग घ्या.