पंचविशीतच दम का लागतो?

नमस्कार मंडळी! बेळगावजवळच्या राजहंसगडाचा, म्हणजे येळ्ळूरच्या गडाचा, व्हिडिओ टाकल्यापासून खाली एकच प्रश्न येतोय. "दादा, मी 26 वर्षांचा. कॉलेजात असताना येळ्ळूरचा गड पळत चढायचो, आता अर्ध्यातच धाप लागायलीय. वय झालं काय?" खानापूर, निपाणी, कंग्राळी, सगळीकडनं तेच.

वय झालं नाही ओ! वयानं दम, म्हणजे न थकता पळायची ताकद, कमी होतो, पण अगदी हळूहळू. बसून राहिल्यानं तो काही आठवड्यांत जातो. 1966 साली अमेरिकेत डॅलसमध्ये विशीतल्या पाच तरुणांना 3 आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. शरीराची ऑक्सिजन वापरायची ताकद पाव हिश्श्याहून जास्त घटली. 30 वर्षांनी त्याच पाचजणांना परत तपासलं, तर 30 वर्षांच्या वयानं झाली नव्हती एवढी घसरण त्या 3 आठवड्यांनी केली होती. म्हणजे पन्नाशीतल्या त्यांच्यापेक्षा अंथरुणातनं उठलेले विशीतले ते जास्त दमत होते. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण व्यायामानं त्यांचा दम परत आला होता. तुमचाही येतो.

झोप, पाणी, तंबाखू सोडणं, हे तुम्हाला माहीत आहे. पुढं जाऊया.

खरी गाडी अडते ती वेगावर. माझा मामेभाऊ उद्यमबागेत पाळीत काम करतो. एक दिवस मनावर घेतलं आणि व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पळायला गेला, तो पहिल्याच फेरीला जीव खाऊन पळाला. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या धरल्या, आठवड्यात बूट कोपऱ्यात. हे घराघरात चाललंय. म्हणून सांगतो, हळू पळा. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, एवढंच हळू. बोलताना शब्द तुटायला लागले की चालायला लागा.

"एवढं हळू पळून काय होणार?" ही कमेंट येणार, मला माहीत आहे. तर नाडी मोजून बघा. 220 मधनं वय वजा करा. 26 वर्षांच्या माणसाचे 194 आले, हा ढोबळ हिशोब. सुरुवातीला नाडी त्याच्या 60 ते 70 टक्क्यांत, म्हणजे 116 ते 136 च्या आसपास ठेवा. याच वेगात हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं आणि स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात.

आणि सैन्यभरतीच्या पोरांनो, तुम्हालाही हेच. 1.6 किलोमीटर रोज घड्याळ लावून पळू नका रे! आठवड्यात एक-दोन दिवस जोरात, बाकीचे दिवस गप्पा मारत. मराठा सेंटरच्या, म्हणजे बेळगावातल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राच्या, भरतीला उभं राहायचं असेल तर पाय शाबूत पाहिजेत. हळू म्हणजे आळस नव्हे. तिसऱ्यांदा सांगतोय, कारण सगळ्यात जास्त पोरं इथंच सोडून देतात.

आता शहापूरच्या एका ताईंची कमेंट. जिना चढताना धाप लागते, घरचे म्हणतात, कामाचा कंटाळा. मला याचा मनापासून राग येतो. बाई दमली की तिला बोल लावायचे, आणि रक्त मात्र तपासायचं नाही! ताई, आधी हिमोग्लोबिन बघा. बाईचं 12 च्या खाली, पुरुषाचं 13 च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. नुसतं पळून तो भरत नाही, औषध लागतं. पाळीत जास्त रक्त जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, लाजू नका. सोबत थायरॉइड, बी-12 आणि साखर तपासून घ्या.

छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, आडवं झाल्यावर दम लागणं, दोन्ही पाय सुजणं, यातलं काही असेल तर व्यायाम थांबवा आणि आधी डॉक्टर. छातीत दुखत असेल तर सकाळची वाट बघू नका, त्याच वेळी कुणाला तरी सोबत घेऊन दवाखाना गाठा.