तिची तपासणी होते, त्याची कधी?

नमस्कार श्रोतेहो.

आजचा विषय कानावर पडला की काही घरांत रेडिओचा आवाज हळू होईल. तसं करू नका, एवढी विनंती करून सुरुवात करते. देहविक्रय करणाऱ्या बायकांना होणारे लैंगिक आजार, म्हणजे आपल्याकडे ज्यांना गुप्तरोग म्हणतात, त्यांच्याविषयी आज बोलायचं आहे.

भिवंडीची हनुमान टेकडी आणि नवी मुंबईतलं तुर्भे स्टोअर ही नावं आपल्या भागात कुणाला ठाऊक नाहीत? एकीकडे यंत्रमाग, दुसरीकडे एपीएमसी मार्केट आणि मालाच्या गाड्या. बायकापोरांना गावाकडे ठेवून इथे राबणारे असंख्य पुरुष. वस्तीतल्या बायका निदान दिसतात. लॉजवर जाणाऱ्या, फोनवर गिऱ्हाईक ठरवणाऱ्या, दुपारी काम उरकून मुलाला शाळेतून घरी आणणाऱ्या बायका शेजारणीलाही कळत नाहीत. त्यांच्यापर्यंत पोचणं आम्हाला सगळ्यात अवघड जातं.

मी गुप्तरोग विभागात समुपदेशनाचं काम करते. सरकारी रुग्णालयांत या विभागाच्या दारावर 'सुरक्षा क्लिनिक' अशी पाटी असते. औषधं पाकिटांत बांधलेली येतात आणि प्रत्येक पाकिटाचा रंग ठरलेला असतो. पांढरं पाणी जात असेल, खाज असेल तर हिरवं. गर्भाशयाच्या तोंडाला संसर्ग असेल तर राखाडी. ओटीपोटात दुखत असेल तर पिवळं, नागिणीसारख्या पुरळाच्या फोडांना लाल. लिहितावाचता न येणारी बाईसुद्धा दुसरीला सांगते, "मला राखाडी दिलं होतं, डॉक्टरसमोरच गिळायला लावलं."

खरी अडचण ज्यांना काहीच होत नाही त्यांची असते. क्लॅमिडिया आणि परमा, म्हणजे गनोरिया, हे आजार बहुतेक बायकांमध्ये मुकाट वाढतात. जळजळ नाही, दुखणं नाही. आतल्या आत गर्भनलिकांना सूज येते, त्या चिकटतात, आणि पुढे मूल राहत नाही किंवा गर्भ नळीतच राहून जिवावर बेततं. गरमीचं, म्हणजे सिफिलिसचं तर आणखी फसवं. पहिला व्रण दुखत नाही. बाईच्या बाबतीत तो आत असला तर दिसतही नाही. तीन ते सहा आठवड्यांत औषध न घेता आपोआप भरून येतो आणि बाई म्हणते, बरं झालं. बरं काही झालेलं नसतं. जंतू रक्तात गेलेले असतात. पुढे तळहातांवर, तळपायांवर पुरळ येतं, तेही जातं, आणि आजार वर्षानुवर्षं दबा धरून बसतो. त्यात ती गरोदर राहिली तर मूल पोटातच दगावू शकतं.

आणि उपाय काय? पेनिसिलिनचं इंजेक्शन. लवकर कळलं तर कमरेवर एक डोस, चोवीस लाख युनिटचा. दुखतं, खोटं कशाला सांगू. पण इतक्या जुन्या, इतक्या स्वस्त औषधानं बरा होणारा आजार केवळ तपासणी न झाल्यामुळे बाळाचा जीव घेतो, हे मला आजही सहन होत नाही.

म्हणून या बायकांनी दर तीन महिन्यांनी अंगाची तपासणी आणि दर सहा महिन्यांनी एचआयव्ही व सिफिलिससाठी रक्ताची तपासणी करून घ्यावी, असं सरकारी कार्यक्रमात ठरलेलं आहे. वस्तीतल्याच काही जणी पिअर म्हणून काम करतात, घरोघर फिरून इतरांना घेऊन येतात. या कामाचा कणा त्याच आहेत. डॉक्टरांनी सांगून जे पटत नाही ते पिअरनं सांगितलं की पटतं, कारण रात्री तीही तिथेच उभी असते. माझं एक मागणं मात्र आहे. रात्रभर जागून पहाटे झोपणारी बाई सकाळच्या ओपीडीला येणार कशी? ही क्लिनिकं संध्याकाळी उघडी राहायला हवीत.

आता ज्याच्यासाठी आज बोलायला बसले तो मुद्दा. गिऱ्हाइकाला निरोध वापरायला लावणं बऱ्याच जणी शिकल्या आहेत. ज्याच्यासोबत ती राहते त्या माणसाला मात्र ती निरोध सांगत नाही. तो तिचा 'मालक'. त्याच्याशी असलेलं नातं धंद्याचं नाही, हे तिला स्वतःलाही जपायचं असतं. एक बाई तीच तक्रार घेऊन पुन्हा पुन्हा यायची. औषध पुरं घेतलेलं, गिऱ्हाइकांशी निरोध चुकलेला नाही. मालकासाठी दिलेलं पाकीट कुठे आहे विचारलं, तर म्हणाली, "डाळीच्या डब्यात ठेवलंय मॅडम. काढून दिलं तर म्हणेल, तू कुठून आणलंस ते माझ्या अंगावर टाकतेस का." ती घेते, बरी होते, त्याच्याकडून तोच आजार परत घेते. त्यात तिचा दोष कुठे आहे?

गिऱ्हाइकाचंही तेच. तिच्या तपासणीची नोंद असते, त्याची कुठेच नाही. पुरुषाला लघवीला जळजळ झाली, पू आला, की तो मेडिकलमधून दोन गोळ्या आणून खातो. उष्णता झाली म्हणून सब्जा पितो. थोडं बरं वाटतं आणि सुट्टीत तो गावी जातो. पुढचं त्याच्या बायकोच्या वाट्याला येतं, आणि तिला तर कुणी तपासायलाही बोलावत नाही. अर्धवट गोळ्यांनी परम्याचे जंतू औषधाला दाद देईनासे होतात, हे वेगळंच.

ऐकणाऱ्या भगिनींनो, तुमच्या हक्काचं दोन शब्दांत सांगते. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही आणि तुमचा रिपोर्ट तुमच्या परवानगीशिवाय कुणाला सांगता येत नाही. 19 मे 2022 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना बजावलं आहे की निरोध जवळ सापडणं हा गुन्ह्याचा पुरावा धरू नये. तेव्हा पर्समध्ये निरोध ठेवायला घाबरू नका. त्यावर खोबरेल तेल लावू नका, रबर फाटतं. एकावर एक दोन घालू नका. संबंधानंतर आतून साबणानं किंवा डेटॉलनं धुऊ नका, त्यानं आतलं नाजूक अस्तर जळतं आणि संसर्गाला वाट मिळते. निरोध फाटला आणि एचआयव्हीची भीती वाटली तर 72 तासांच्या आत रुग्णालय गाठा. आजार लागू नये म्हणून द्यायची औषधं असतात, पण जितका उशीर तितका त्यांचा उपयोग कमी.

आणि पुरुष श्रोत्यांनो, जळजळ, पू, व्रण, जांघेत गाठ, यांपैकी काहीही असेल तर दुकानातून गोळी घेऊ नका. सुरक्षा क्लिनिकला या. तुम्ही कुठे गेला होता म्हणून तिथे कुणी जाब विचारत नाही. तपासणी आणि औषध मोफत आहे. जोडीदारासाठी पाकीट दिलं तर ते तिला द्या, आणि तिनं तुमच्यासाठी आणलं असेल तर भांडण न काढता घ्या. दोघांचं औषध झाल्यावर सात दिवस संबंध ठेवू नका. सिफिलिसचं इंजेक्शन झालं असेल तर तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी रक्त पुन्हा तपासायला या. काही विचारायचं असेल आणि समोर यायला संकोच वाटत असेल तर 1097 हा एड्स हेल्पलाइनचा क्रमांक फिरवा. फोनला पैसे पडत नाहीत.

नमस्कार.