देवघरातल्या वातीतली पेशी

नमस्कार श्रोतेहो. देवघरात वातींसाठी ठेवलेला कापूस हाताशी असेल, तर त्यातला चिमूटभर घ्या. नसेल तर नुसतं ऐकलंत तरी चालेल.

त्यातला एकच तंतू हलक्या हाताने सोडवा आणि काळ्या कापडावर ठेवा. दिसला? ही एक पेशी आहे. अनेक पेशींची माळ नव्हे, एकच पेशी. कपाशीचं फूल उमलतं त्या सुमारास सरकीच्या सालीवरच्या पेशी वाढू लागतात आणि पुढचे दोन-तीन आठवडे लांबच लांब होत राहतात. एकेका सरकीवर अशा हजारो.

शाळेच्या पुस्तकाने आपली इथे जरा फसगत केली. कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी, रक्तातली पेशी, जिवाणू, सगळ्यांची चित्रं रुपयाच्या नाण्याएवढी! मग पेशी म्हणजे डोळ्यांना न दिसणारी वस्तू, एवढंच डोक्यात राहतं.

आता मापं घेऊ. लांब धाग्याच्या कापसात हा तंतू 30 मिलिमीटरच्या आसपास भरतो. मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी त्याला पुरते. जाडीला मात्र ती पट्टी कामाची नाही. एका मिलिमीटरचे हजार भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे मायक्रोमीटर. आपल्या तंतूची जाडी धरू 15 मायक्रोमीटर. म्हणजे लांबी जाडीच्या दोन हजार पट. करंगळीएवढा जाड दोर याच प्रमाणात वळायचा, तर तो 30 मीटर लांब होईल!

कुणी विचारेल, डोळ्याला तर साधारण 0.1 मिलिमीटरपर्यंतच नीट दिसतं, मग हा तंतू दिसला कसा? कोळ्याच्या जाळ्याचा धागा उन्हात चमकतो, तसाच. तो आहे हे कळतं, किती जाड आहे ते कळत नाही.

मायक्रोमीटरला बाजारात मायक्रॉन म्हणतात. हे नाव 1967 साली अधिकृत मापांतून काढलं गेलं, पण लोकांच्या तोंडून गेलं नाही. प्लास्टिकची कॅरीबॅग 120 मायक्रॉनपेक्षा पातळ नको, हा 2022 च्या अखेरीपासूनचा नियम तुम्ही ऐकला असेल. स्त्रीच्या शरीरातली बीजांडपेशी जवळपास त्या पिशवीच्या जाडीएवढी असते, 100 ते 120 मायक्रोमीटर. तांबडी रक्तपेशी सात-आठ मायक्रोमीटरची. आपल्या तंतूच्या रुंदीत अशा दोन शेजारी शेजारी बसतील. आतड्यातला ई. कोलाय जिवाणू दोनेक मायक्रोमीटर लांब.

त्याखाली नॅनोमीटर, मायक्रोमीटरचा हजारावा भाग. करोनाचा विषाणू सुमारे 100 नॅनोमीटरचा. पेशीभोवतीचं पातळ आवरण सात-आठ नॅनोमीटरचं. आपला तंतूही नॅनोमीटरमध्ये सांगता येईल, तीन कोटी! चूक नाही, पण कांदे तोळ्यावर विकत घेतल्यासारखं होईल.

बोंड फुटतं तेव्हा ही पेशी मेलेली असते. आतलं पाणी आटतं, नळी चपटी होते आणि वाळताना स्वतःभोवती पीळ घेते. तुम्ही वात वळता तेव्हा तंतू एकमेकांना धरून राहतात, ते या पिळामुळेच.